हल्लेखोराचा पत्ता

माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या पोटावर मी सलग अकरा दिवस पाय दिला, आणि त्या अकराही दिवशी मला आपण समाजासाठी काहीतरी करतोय असं वाटत होतं.

हे इथं लिहून मोकळा होतोय, कारण घरात हा विषय काढायला बंदी आहे. (बंदी मीच घातलीय. बायको ती रोज मोडते.)

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात संगणक कक्ष सांभाळतो. ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी ज्या सर्व्हरवर आहे, तो माझ्या ताब्यात असतो. आमच्या ग्रंथालयात पुस्तक न्यायला पोरं फारशी येत नाहीत. पण सर्व्हरमध्ये घुसायला जगभरातून लोक येतात, हे मला पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाईपर्यंत माहीत नव्हतं. तिथल्या सरांनी सर्व्हरची नोंदवही कशी वाचायची ते शिकवलं. परत येऊन ती उघडली आणि माझी झोपच उडाली. कुणीतरी दर काही सेकंदांनी आमचं दार वाजवत होतं. कधी 'अ‍ॅडमिन' या नावानं, कधी 'टेस्ट' या नावानं, प्रत्येक वेळी नवा पासवर्ड लावून. प्रत्येक टकटकीपुढं तो कुठून आला त्याचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा घरनंबर, लिहिलेला.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. असे नंबर कळवण्यासाठी एक जागतिक यादी असते. कुणीही तिथं जाऊन 'या नंबरावरून आमच्यावर हल्ला झाला' असं लिहायचं. एकाच नंबराविरुद्ध पुष्कळ तक्रारी जमल्या की जगातल्या बऱ्याच वेबसाइटी त्या नंबराला दारातच अडवतात. थोडक्यात, बदनामीची सोय.

मला ही सोय फार आवडली. रोज सकाळी कॉलेजात गेलं की आधी नोंदवही उघडायची, रात्रीत कोण कोण येऊन गेलं ते बघायचं आणि एकेकाचा नंबर यादीत टाकायचा. बाकीचे लोक तक्रारीत दोन शब्द लिहीत. मी परिच्छेद लिहीत असे. 'सदर नंबरावरून आमच्या संस्थेच्या सर्व्हरवर वारंवार अनधिकृत प्रवेशाचा प्रयत्न झाला असून ही बाब अत्यंत गंभीर आहे', हे सगळं इंग्रजीत, आदरपूर्वक. घरी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगायचो, "आज ब्राझीलचे दोन पकडले."

ती म्हणायची, "बरं. येताना कोथिंबीर आणा."

आणि मग एके दिवशी एक नवा नंबर आला. सगळ्यात चिकट. दर चार सेकंदांनी दार वाजवणारा. कुठला आहे म्हणून शोधलं, तर पडद्यावर आलं: भारत, महाराष्ट्र, सोलापूर.

मी खुर्चीत ताठ बसलो. ब्राझीलचा माणूस आमची यादी चोरायला येतो हे मी समजू शकत होतो, त्याला बिचाऱ्याला तिथं मराठी पुस्तकं मिळत नसतील. पण आपल्या गावचा माणूस? भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आपल्याच कॉलेजवर हल्ला?

मी यादीत तक्रार टाकली. तेवढ्यानं समाधान होईना. तो नंबर ज्या मोठ्या इंटरनेट कंपनीच्या नावावर होता, तिच्या तक्रार विभागाला सविस्तर पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी चक्क उत्तर आलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे, आभारी आहोत', आणि खाली तक्रार क्रमांक. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या पत्राला कुणी उत्तर दिल्याचं मला आठवत नव्हतं. मी इतका हुरळलो की रोज स्मरणपत्र पाठवू लागलो. सोबत रात्रीच्या हल्ल्यांची मोजदाद. रविवारी खास त्यासाठी कॉलेजात गेलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "सर, आज?" मी म्हटलं, "गुन्हेगाराला रविवार नसतो."

आता आमच्या गल्लीची थोडी माहिती द्यायला हवी. माझं घर अशोक चौकाच्या मागं आहे, आणि ती गल्ली मूळची बायकोच्या माहेरची. सासऱ्यांनीच घर बघून दिलं. त्यामुळं मी एकट्या मेहुण्याचा दाजी नाही, अख्ख्या गल्लीचा दाजी आहे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे रफिकभाईसुद्धा मला दाजी म्हणतात. त्यांची टॉवेलची विक्री आहे, बरीचशी ऑर्डर इंटरनेटवरूनच येते. गल्लीचा जावई असल्याचे फायदे आहेत. लग्नकार्यात पहिली पंगत, आणि आपल्याला कुणी वाकडं बोलत नाही. तोटे पुढं कळले.

सुनंदाचा धाकटा भाऊ संजू. चादरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं आमच्या भागात इंटरनेट द्यायचा धंदा सुरू केला. मोठ्या कंपनीची एक लाईन घ्यायची, आणि खांबाखांबावर डबे बसवून ती गल्लीतल्या घरांना वाटायची. खांबावर तोच चढतो, वायर तोच ओढतो, बिघाड झाला की शिव्या तोच खातो. त्याचं घर त्या एका लाईनवर चालतं.

त्या अकराव्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आलो, तर गल्लीच्या तोंडाशीच रफिकभाई भेटले.

"दाजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले. जरा सांगा मला. मी माणूस हाय का न्हाय?"

"का हो?"

"चार-पाच दिवस झाले, जी साइट उघडावी ती म्हणती, आधी तुम्ही माणूस हाय हे सिद्ध करा. फोटो दाखवती. यातली मोटरसायकल ओळखा. ओळखली. यातल्या पायऱ्या ओळखा. ओळखल्या. मग म्हणती नळ ओळखा. आता दाजी, आपल्या हितं नळाला पाणी येतंय पाचव्या दिवशी. नळ कसा असतो हे ध्यानात ऱ्हायलंय का कुणाच्या? चुकलं माझं. तर पुन्हा पहिल्यापासून."

"मग?"

"मग काय. सात डाव सिद्ध केलं, तरी ती म्हणती तुमच्यावर आमचा संशय हाय. आमच्या घरात पन्नास वर्षांत असं कुणी बोललं न्हाय मला. बेगमसुद्धा न्हाय."

मी त्यांना राउटर बंद करून चालू करा असा सल्ला दिला. (हा सल्ला मी सगळ्यांना देतो. तो चुकला तरी त्या वेळात आपण पुढं निघून जाऊ शकतो.)

घरी पोहोचलो तर संजू चहा पुढ्यात घेऊन बसलेला. चहावर साय आलेली. सुनंदा त्याच्या शेजारी.

"दाजी, लई घोळ झालाय."

"काय झालं?"

"पाच दिवस झाले, गिऱ्हाईकं बोंबलत्यात. कुणाची ब्यांकेची साइट उघडंना, कुणाचा फॉर्म उघडंना. सहा घरांनी लाईन सोडली, दुसऱ्याकडं गेले. आणि वरून हे." त्यानं खिशातून घडी केलेले कागद काढले. "कंपनीची नोटीस. माझ्या लाईनीवरनं कुणीतरी हल्ला करतंय म्हणं. आठ दिवसांत तो माणूस हुडकून बंद करा, न्हायतर लाईन कायमची तोडतो. त्यातले पाच दिवस तर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाण्यातच गेले. आता तीन राहिल्यात."

"हल्ला?" मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"कुठलं तरी कॉलेज हाय म्हणं. त्यातल्या कुणीतरी तक्रार केलीय. एक न्हाय दाजी, रोज एक. नाव झाकलंय कंपनीनं, पण पत्रं आली तशी धाडत गेल्यात, आजचंसुद्धा. मला इंग्रजी एवढं झेपत न्हाय. तुम्ही जरा वाचून सांगा की."

आणि माझी अकरा पत्रं माझ्या हातात आली.

माणसाला स्वतःचं लेखन मोठ्यानं वाचायची वेळ यावी तर ती सत्कारात यावी, अशी नाही. मी पहिलं पत्र उघडलं. त्यात मी लिहिलं होतं की हा इसम समाजाला कीड आहे, आणि त्याला सेवा पुरवणारा तितकाच दोषी आहे.

"काय म्हणतोय?" संजूनं विचारलं.

"म्हणतोय... की जरा त्रास होतोय. बघून घ्या, असं म्हणतोय."

"एवढं लांब पत्र, आणि एवढंच?"

"इंग्रजीत लांबण लावायची पद्धत असते."

सुनंदा म्हणाली, "आणि तो तिसरा परिच्छेद? त्यात संजूबद्दल काहीतरी दिसतंय. सर्व्हिस प्रोव्हायडर."

"त्याची स्तुती केलीय," मी म्हणालो.

संजूनं कपाळ चोळलं. "ताई, कोण असंल गं हा माणूस? रोज पत्र. रविवारीसुद्धा. ह्याला घरदार न्हाय का?"

"घर असेल," सुनंदा चहाचा कप उचलत म्हणाली, "घरात लक्ष नसेल."

आता खरं बोलायची वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण संजू म्हणाला, "दाजी, तुम्ही हायसा म्हणून धीर हाय. तुमच्याशिवाय हे कुणाला कळणार? तुम्हीच हुडका त्याला." आणि उघडलेलं तोंड मी "बरं" म्हणून मिटलं. त्या एका 'बरं'चं ओझं मी आजही वाहतोय.

मला तोवर कोडं उलगडलं होतं, निदान अर्धं. संजूच्या लाईनीवरची सगळी घरं बाहेर जाताना एकाच नंबरानं जातात. चाळीत खोल्या पुष्कळ असल्या तरी पाटी एकच, तसं. मी हल्लेखोराचा म्हणून जो नंबर जगभर बदनाम केला, तो अख्ख्या गल्लीचा नंबर होता. रफिकभाईंच्या माणूसपणावर संशय आला तो माझ्यामुळं. प्रश्न एवढाच उरला, की त्या घरांतला खरा हल्लेखोर कोण? तो सापडला की लाईन वाचेल, आणि तक्रारदार कोण हे विचारायचं कुणाच्या ध्यानातही येणार नाही. असा माझा हिशेब होता. मी तो त्या रात्री देवापुढंही मांडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेत केला. हा चोर पुष्कळ कॉलेजांची दारं वाजवतो, त्यात आमचंही आहे, एवढंच मी संजूला सांगितलं. मी कॉलेजात सर्व्हरपुढं बसायचं, संजूनं गल्लीत फिरायचं. तो एकेक डबा बंद करत जाईल. ज्या डब्यासरशी हल्ला थांबेल, त्या डब्यावरच्या घरांत चोर.

"दाजी, मारुतीच्या देवळाजवळचा बंद केला. थांबलं?"

मी पडद्याकडं बघितलं. चार सेकंद. टक. "नाही."

"पिठाच्या गिरणीचा बंद केला."

टक. "नाही."

"रफिकभाईंकडला करतो. एक मिनिट." पलीकडून रफिकभाईंचा आवाज आला, "कर बाबा, कर. तसाही मी तिच्यासाठी माणूस न्हायच."

टक. "नाही."

डब्यामागून डबे गेले. फोनमधून गल्लीतल्या बायांचा गलका वाढत होता. कुणाची मालिका गेली होती, कुणाची पोरगी परीक्षेचा निकाल बघत होती. संजू प्रत्येकीला सांगत होता, "दाजी बघायलेत की, दाजी कॉलेजातनं बघायलेत." माझ्या नावानं बाया गप्प होत होत्या. जावयाचा मान.

तासाभरानं संजूचा आवाज आला. दमलेला.

"दाजी, थांबलं का?"

टक.

"नाही रे. अजून चालूच आहे. एखादं घर राहिलंय का बघ."

"न्हाय राहिलं. अख्खी गल्ली बंद केलीय."

"मग हे येतंय कुठून?"

"मला काय म्हाईत. आता फक्त तुमचंच घर चालू हाय. तुमची वायर मी वेगळी ओढलीय, सरळ वरनं. तुमच्या घराची झडती कशी घ्यायची, म्हणून ते सोडलं."

चार सेकंदांनी पडद्यावर पुन्हा एक ओळ उमटली.

"दाजी?"

"ऐकतोय."

"बंद करू का?"

"कर."

पुढची ओळ आली नाही. मी बराच वेळ वाट बघितली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो नंबर आमच्या सर्व्हरचं दार वाजवत नव्हता, आणि मला वाटत होतं, वाजव रे बाबा, एकदा तरी वाजव.

घरी आलो तेव्हा सुनंदा आणि संजू गच्चीवर होते. संजूनं आमची लाईन पुन्हा जोडल्यावर सुनंदानं एकेक यंत्र चालू करून बघितलं होतं, आणि मी कॉलेजातून फोनवर हो-नाही सांगत गेलो होतो. टीव्ही निर्दोष. माझा कॉम्प्युटर निर्दोष. तिचा फोन निर्दोष. शेवटी उरला गच्चीवरचा कॅमेरा.

तो मी उन्हाळ्यात बसवला होता. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की कबुतरं येतात. सुनंदा म्हणाली होती, एक जुनी साडी बांधा वर. मी म्हटलं, तंत्रज्ञानाचा उपयोग करायला शिकलं पाहिजे. स्वस्तातला कॅमेरा आणून बसवला आणि तो इंटरनेटला जोडला, म्हणजे मला कॉलेजातून कबुतरं दिसावीत. दिसली. रोज दिसत. मी कॉलेजातून सुनंदाला फोन करायचो, "कबुतरं आलीत." ती म्हणायची, "मला माहिताय, मी इथंच उभी आहे." कुरडया संपल्या, कॅमेरा काढायचा राहिला.

संजूनं त्याचं खोकं उलटंपालटं करून बघितलं. "दाजी, ह्याचा पासवर्ड काय ठेवलाय?"

मी कठड्यावरून खाली गल्लीकडं बघू लागलो.

"दाजी?"

"खोक्यावर छापलाय तोच," मी म्हणालो.

एक ते आठ आकडे ओळीनं. कुणीतरी परदेशातून तो एका दमात ओळखला होता, कॅमेऱ्यात घुसला होता आणि तिथून जगभरची दारं वाजवत होता. त्यात आमच्या कॉलेजचंही होतं. (पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी 'पासवर्ड बदला' या विषयावर एक तास देतो. हजेरी सक्तीची असते.)

संजू बिचारा मलाच धीर देऊ लागला. "असू द्या की दाजी. तुम्हाला काय म्हाईत. कॅमेऱ्यानं केलं, तुम्ही थोडंच केलं. आता फक्त तो तक्रार करणारा एकदा भेटाय पाहिजे मला. दोन शब्द बोलायचेत त्याच्याशी."

मी म्हटलं, "बोल."

"काय?"

"दोन शब्द. बोल. मीच तो."

संजूनं माझ्याकडं बघितलं, मग ताईकडं बघितलं. ती कठड्यावरची धूळ झटकत होती.

"तुला म्हाईत होतं?" त्यानं विचारलं.

"पहिलं पत्र वाचताना ह्यांचे कान लाल झाले तेव्हाच," ती म्हणाली. "पण तू समोर होतास. म्हटलं, जावई माणूस आहे, स्वतःहून सांगेल. कालपासून वाट बघतेय."

संजू खाली बसला. मला वाटलं आता खरंच बोलणार. तो हळूच म्हणाला, "दाजी, त्या पत्रात माझी स्तुती केलीय म्हणला होता तुम्ही."

"नव्हती केली."

"मग काय लिहिलंय?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, कीड धरून. संजूनं सगळं ऐकलं, आणि एवढंच म्हणाला, "इंग्रजी लई चांगलं हाय तुमचं." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

यादीवरच्या माझ्या तक्रारी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मागं घेतल्या. त्यासाठीही अर्ज होता. 'तक्रार खोटी होती का?' असा पहिला प्रश्न. खोटी नव्हती, हेच तर दुःख. 'दोष दूर झाला आहे' हा पर्याय निवडला. दोन दिवसांत साइटी पुन्हा उघडू लागल्या, आणि रफिकभाई दारात येऊन पेढा देऊन गेले. म्हणाले, "दाजी, मशीन मानली. तुमची मेहरबानी." मी तो पेढा खाल्ला. तेवढं धैर्य माझ्यात अजून आलेलं नव्हतं, की त्यांनाही सांगावं.

पण लाईनीचा प्रश्न उरला होता. मुदतीचा शेवटचा दिवस होता, आणि कंपनीला लेखी हवं होतं. त्यांनी एक फॉर्म पाठवला, तो दोषी ग्राहकाकडून भरून घ्यायचा. संजू तो घेऊन आला. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. नाव, पत्ता, दोषी यंत्राचा प्रकार. "कबुतरांचा कॅमेरा लिहू का?" संजूनं विचारलं. सुनंदा म्हणाली, "नुसतं कॅमेरा लिही."

मग तो एका रकान्याशी थांबला.

"दाजी, हे काय विचारतंय?"

मी वाचलं. 'ग्राहकास संगणक व नेटवर्क यांचे ज्ञान आहे काय?' पुढं दोन चौकोन, होय आणि नाही. खाली बारीक अक्षरांत खुलासा. 'होय' असल्यास प्रकार हेतुपुरस्सर समजून वरिष्ठ पातळीवर चौकशी होईल आणि तोवर लाईन बंद राहील. 'नाही' असल्यास ग्राहकाला समज देऊन प्रकरण मिटवण्यात येईल.

मी पेन खाली ठेवलं. संजूकडं बघितलं. तो टेबलाकडं बघत होता. सहा घरं आधीच गेली होती त्याची. तो काही म्हणाला नाही, आणि म्हणणारही नव्हता, कारण मी दाजी.

"आता माझ्यानं आणखी खोटं लिहवणार नाही," मी सुनंदाला म्हणालो. "आधीच फार झालंय."

तिनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

"खोटं लिहा म्हणतंय कोण? खरं काय ते लिहा."

मी पेन पुन्हा उचललं, 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. सहीखाली हुद्दा लिहायला एक ओळ होती. ती तेवढी मी मोकळी सोडली.